काळ्या मातीवर दोन बोटं वाळू

अजिंठ्याच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही. साबणाला फेस येत नाही, बंब आतून पांढरा होतो, आणि नव्या सुनेला माहेरच्या पाण्याची आठवण काढायला कायमचं निमित्त मिळतं. लेण्यांच्या नावानं जगाला माहीत झालेलं आमचं गाव लेण्यांपासून दहा-अकरा किलोमीटरवर, घाटमाथ्यावर आहे. खाली बेसाल्टचा काळा खडक. त्याच्या भेगांतून पाणी मुरत जातं आणि मुरता मुरता कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. या पाण्याबद्दल चार शब्द बरे बोलणारा माणूस गावात सहसा भेटत नाही. मी बोलतो, कारण माझ्या बैठकीत काचेची टाकी आहे, टाकीत वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावलेली आहे, आणि तिला हेच पाणी मानवतं.

पाण्याखाली झाडाची मोठी चणचण असते ती कार्बनची. हवेत जो कार्बन डायऑक्साइड सहज पानापर्यंत पोचतो, तो पाण्यात त्याच्या दहा हजारपट संथ पसरतो. म्हणून हौशी लोक टाकीशेजारी गॅसचा सिलिंडर बसवतात आणि थेंबाथेंबानं बुडबुडे सोडतात. वॅलिस्नेरियाला त्याची फारशी गरज पडत नाही. आपल्या जड पाण्यात जे बायकार्बोनेट भरपूर विरघळलेलं असतं, त्यातून ती कार्बन काढून घेते. उन्हाच्या दिवशी, दुपार कलता कलता, तिच्या लांब चपट्या पानांवर चुन्याची बारीक खर बसलेली असते. बोट फिरवलं तर खरखरीत लागते. बंबात बसतं तेच हे, फक्त इथं त्याच्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. मासेही या पाण्याला सरावलेलेच ठेवावेत: गप्पी, मॉली. गप्पींसाठी तर दुकानात जायचीही गरज नसते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हिवताप विभागवाले ते गावोगावच्या हौदांत आणि डबक्यांत सोडतातच.

घरोघरच्या टाक्यांचं एक ठरलेलं रूप आहे. तळाला निळे-गुलाबी खडे, मागे समुद्राचं चित्र चिकटवलेलं, एका कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, आणि प्लास्टिकची झाडं. मला त्यांच्याविषयी राग नाही. ती मरत नाहीत हा गुण काही लहान नव्हे. पण त्यांना मूळ नसतं, आणि टाकी पाळण्यातली खरी गंमत, निदान माझ्या मते, पानांपेक्षा मुळांत आहे. बागेत मूळ दिसत नाही. काचेच्या पेटीत ते कडेनं खाली उतरताना दिसतं. माती कुठं सैल आहे ते शोधतं, खडा आला की वळसा घालतं, आणि एखाद्या दिवशी पलीकडच्या काचेपाशी, आपली अपेक्षा नसताना, पांढरं टोक बाहेर काढतं.

त्यासाठी तळाला माती हवी. नुसत्या धुतलेल्या खड्यांत मुळं पसरतात, पण त्यांना खायला काही मिळत नाही. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंचं पाणवनस्पतींच्या टाकीवरचं पुस्तक 1999 मध्ये आलं आणि तेव्हापासून जगभरचे लोक टाकीच्या तळाला साधी बागेची माती घालू लागले. वर वाळूचा थर द्यायचा, भरपूर झाडं लावायची आणि मग टाकीला आपलं आपण चालू द्यायचं, असा त्यांचा सांगावा. मराठवाड्यात ही पद्धत वापरायची म्हटली की आधी गाठ पडते काळ्या मातीशी. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते; तिच्या चिकणमातीच्या कणांना अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद मोठी. मुळांच्या दृष्टीनं हे कोठारच. पण तिच्यात चुनखडीचे खडे असतात, ते पाणी आणखी जड करतात. शिवाय ती एकदा ढवळली गेली की पाणी दोन दिवस चहाच्या रंगाचं राहतं. म्हणून ती आधी चाळायची, भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची आणि मग थोडी जाड वाळू मिसळून तळाला बोटभर पसरायची. तलावातला वाळलेला गाळ मिळाला तर त्याहून उत्तम. 2017 पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, उन्हाळ्यात ट्रॅक्टर भरभरून गाळ शेतांवर जातो. त्यातलं घमेलंभर मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, फक्त कशासाठी ते सांगितल्यावर जरा टक लावून बघतात. मातीवर दोन बोटं जाड, धुतलेली वाळू. ती माती दाबून ठेवते, मासे उकरू लागले तरी पाणी गढूळ होऊ देत नाही.

हे थर पसरताना मला दरवेळी खालची लेणी आठवतात, आणि ती छतावरच्या कमळांमुळे आठवत नाहीत. कमळं तर तिथं जिकडेतिकडे आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यातली छतं कमळांनी, कळ्यांनी, वेलींनी भरलेली. हंस आहेत, कमळांच्या गर्दीतून धावत सुटलेला हत्ती आहे. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं निळं कमळ तर पोस्टकार्डांवर आणि चहाच्या कपांवर गेलं. चित्रकारांनी पान वरून कसं दिसतं, खालून कसं दिसतं, अर्धं मिटलेलं कसं दिसतं, सगळं पाहिलेलं होतं. देठाचा बाकसुद्धा त्यांना अचूक ठाऊक. मुळं मात्र चित्रात जवळजवळ नाहीतच, आणि ते बरोबरही आहे, छताला कसला आलाय तळ. मला आठवतो तो चित्रामागचा गिलावा. खडक छिन्नीनं खडबडीत ठेवलेला. त्यावर लोहयुक्त मातीचा जाड थर, त्यात खडकाची भुकटी, वाळू, भाताचा तूस, गवताच्या काड्या, वनस्पतींचे धागे मळलेले. त्यावर अधिक बारीक मातीचा दुसरा थर, मग पांढऱ्या लेपाचा पातळ हात, आणि रंग त्याच्याही वर. कोरड्या भिंतीवर, डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले. म्हणजे दीड हजार वर्षं टिकलेलं ते कमळसुद्धा चिखलावरच उभं आहे. खडक, जाड माती, बारीक माती, मग झाड.

चिखल नीट असला तर वरचं टिकतं, हे त्या कारागिरांना माहीत असणारच. तरी त्यांच्या चिखलात एक वैगुण्य राहिलं: मातीला धरून ठेवणारे ते धागे आणि तूस किड्यांना खाऊ म्हणून मिळाले. पुरातत्त्व विभागातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि इथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे धागे आहेत, अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि वेरूळचा गिलावा किडींपासून त्यामुळेच पुष्कळ वाचला. गावात ही बातमी आली तेव्हा तिच्यावर जे विनोद झाले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

लावणीकडे वळतो. बाजारातून आलेलं झाड पांढऱ्या लोकरीसारख्या कशात तरी खोचलेलं असतं, किंवा पाच-सहा काड्यांची जुडी शिशाच्या पट्टीनं बांधलेली असते. पट्टी काढायची, तिच्याखाली देठ कुजतो. लोकर चिमट्यानं, धागा धागा करत काढायची. मुळं दोनेक बोटं ठेवून कात्रीनं कापायची. लोकांना हे क्रूर वाटतं. पण प्रवासातली जुनी मुळं बहुधा तशीही सडतात आणि नवी फुटतात ती कापलेल्या जागेजवळून. मग चिमट्यात मुळांचं टोक धरून झाड वाळूत तिरकं, हवं त्याहून खोल खुपसायचं आणि हलकेच थोडं वर ओढायचं, म्हणजे मुळं खाली सरळ होतात आणि गड्डा वाळूच्या वर येतो. जिथं पांढरं संपून हिरवं सुरू होतं ती रेघ वाळूबाहेर दिसली पाहिजे. ती गाडली गेली तर वॅलिस्नेरिया आठवड्यात गळ्यापासून सडते. अ‍ॅमेझॉन स्वोर्डचंही तसंच, फक्त त्याला जागा जास्त द्यावी. त्याची मुळं काही महिन्यांत साऱ्या टाकीखाली पसरतात, आणि मग ते उपटायचं म्हटलं तर तळच उचलून वर येतो.

इथवर हातांना काम असतं. पुढचं खरं अवघड, कारण पुढे हातांना काम नसतं.

नवं झाड लावल्यावर पहिल्या पंधरवड्यात ते मरायला टेकल्यासारखं दिसतं. याला कारण आहे. बाजारातली बरीचशी पाणवनस्पती रोपवाटिकेत वाढते ती पाण्याबाहेर, मुळं तेवढी ओली आणि पानं हवेत. ती पानं पाण्याखाली जगायला बनलेलीच नसतात. झाड ती टाकून देतं आणि पाण्यातली नवी, पातळ पानं काढतं. क्रिप्टोकोरिन तर याबाबतीत फारच मानी. जागा बदलली, पाणी बदललं, नुसता उजेड बदलला तरी तिची सगळी पानं एका आठवड्यात शिजलेल्या पालकासारखी होऊन विरघळतात. याच वेळी माणूस टाकीत हात घालतो. झाड उपटून मूळ बघतो, दुसऱ्या कोपऱ्यात लावतो, खताच्या बाटलीची दोन झाकणं जास्त ओततो, दिवा चार तास अधिक ठेवतो. यातलं काहीच झाडाच्या कामाचं नाही. न वापरलेलं खत आणि न वापरलेला उजेड शेवाळाच्या कामी येतात, आणि उपटलेल्या झाडाची ती केसासारखी बारीक मुळं, ज्यांच्यावर सगळी भिस्त, तुटून वाळूतच राहतात. कुजलेलं पान काढून घ्यावं, गड्डा चिमटीत दाबून पाहावा. टणक असेल तर ते झाड जिवंत आहे.

कंदाच्या झाडांना तर मरून दाखवण्याची सवयच असते. साताऱ्याजवळ कासच्या सड्यावर वायतुरा उगवतो, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. पावसाळ्यात पाणथळ जागी त्याचे तुरे वर येतात. हिवाळा सरून सडा तापला की वर काही उरत नाही, कंद तेवढा मातीत पडून राहतो. त्याचे दुकानात मिळणारे भाऊबंद टाकीतही तेच करतात. बारमाही पाणी असलं तरी त्यांना आपला उन्हाळा पाळायचा असतो. पानं गळाली म्हणून किती कंद कचऱ्यात गेले असतील कोण जाणे.

इटालियन माणसांची आठवण मला इथं येते. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारनं लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघांना अजिंठ्याची चित्रं वाचवायला बोलावलं. तेव्हा गिलावा जागोजागी खडकापासून सुटला होता. त्यांनी तो मागून चिकटवला, सुटलेल्या कडा बांधून काढल्या. ते नसते आले तर आज दिसतात त्यातले कितीतरी चेहरे जमिनीवर मातीच्या ढिगात गेले असते. पण मग त्यांनी चित्रांवरून लाखेचा हात फिरवला. रंग त्या क्षणी उजळले असणार, पाहणाऱ्यांना आनंद झाला असणार. काही वर्षांनी ती लाख पिवळी पडली, मग तपकिरी झाली, तिच्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि पुरातत्त्व विभागाच्या माणसांना पुढे कित्येक वर्षं कापसाच्या बोळ्यानं, वीतभर जागा घेत, ती उतरवावी लागली. त्या इटालियनांना दोष देणं मला जमत नाही. तेव्हा युरोपात चांगलं समजलं जाई तेच त्यांनी केलं. तरी त्यांची दोन कामं शेजारी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात: मातीला खडकाशी पुन्हा जोडलं ते काम शंभर वर्षं टिकलं, आणि पृष्ठभाग सुंदर केला ते काम दुसऱ्यांना पुसावं लागलं.

आता तिथं मंद दिवे आहेत, महत्त्वाच्या लेण्यांत एका वेळी थोडेच लोक सोडतात, कारण माणसाच्या श्वासाची वाफही भिंतीला सोसत नाही. पर्यटक चिडतात. इतक्या लांबून आलो आणि नीट दिसू देत नाहीत. टाकीच्या दिव्यावरून माझ्या घरी हीच तक्रार होते. पाहुणे रात्री आले की दिवा लावा म्हणतात. दिवसाला सात-आठ तास पुरे, त्यापुढे झाडांना अंधार लागतो, हे सांगितलं की माणसं माशांकडे सहानुभूतीनं बघतात.

मुळं नुसती घेत नाहीत, हे मला उशिरा वाचायला मिळालं आणि तेव्हापासून मी काचेच्या तळाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. पाण्याखालच्या मातीत हवा नसते. तिच्यात जे जंतू जगतात ते कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू सोडतात, आणि तो मुळांना विष. म्हणून पाणवनस्पती पानात तयार झालेला ऑक्सिजन देठातल्या पोकळ्यांतून खाली पाठवते. कमळाचा देठ आडवा कापला की ज्या नळ्या दिसतात त्या याच रस्त्याच्या. कमळाचं पान तर उन्हानं तापलं की आतली हवा दाबानं खालच्या कंदापर्यंत ढकलतं. त्यातला थोडा ऑक्सिजन मुळांतून बाहेर झिरपतो आणि मुळाभोवतीचा चिखल बदलतो. काळ्या मातीतलं लोह तिथं गंजतं. काचेला टेकलेल्या मुळाभोवती, नीट पाहिलं तर, तांबूस रेघ दिसते. झाड स्वतःपुरती जमीन करून घेतं, आणि ती करायला त्याला वेळ लागतो. उपटून दुसरीकडे लावलं की ते सगळं पहिल्यापासून.

लाइट जाण्याचं आमच्याकडे कुणाला नवल नाही. पंप बंद पडला की प्लास्टिकच्या झाडांच्या टाकीत मासे तासा-दोन तासांत वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मुळांची झाडं असलेली टाकी दिवसा निश्चिंत असते. रात्री मात्र झाडंही श्वासच घेतात, ऑक्सिजन खर्चच करतात. म्हणून लाइट गेलीच तर ती दुपारी जावी, अशी माझी महावितरणकडे नम्र अपेक्षा आहे.

शेजारचे तात्या एका मे महिन्यात दारात उभे राहून म्हणाले होते, “सर, माणसाला प्यायला नाही अन् तुमच्या माशांना पोहायला?” गल्लीत टँकर येऊन गेला होता, ड्रमांची रांग होती. या प्रश्नाला हुशारीचं उत्तर देता येत नाही. ज्या मराठवाड्यात 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, तिथं शंभर लिटर पाणी शोभेसाठी काचेत कोंडायचं म्हणजे जरा उर्मटपणाच. मी एवढंच केलं आहे की टाकीतून काढलेला थेंब गटारात जात नाही; कढीपत्ता आणि पेरू त्याच्यावर वाढतात, आणि मुळांची झाडं पुरेशी असली की पाणी बदलावंही क्वचितच लागतं. उन्हाळ्यात उडून जातं तेवढं भरायचं, तेही पत्र्यावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं. बोअरचं पाणी भरत राहिलं तर पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि टाकीचा हळूहळू खारट समुद्र होतो.

सतराव्या लेण्यात मत्स्यजातक आहे. बहुतेक लोक तिथं सिंहलाच्या कथेची मोठी भिंत बघतात आणि पुढे जातात. गोष्ट अशी: अवर्षण पडलं, तळी आटली, मासे चिखलात शिरले, आणि कावळे चोचीनं चिखल उकरून त्यांना वेचू लागले. बोधिसत्त्व त्या जन्मी मासा होता. तो चिखल फोडून वर आला आणि पर्जन्यदेवाला म्हणाला, मी जन्माला आल्यापासून कुणा जीवाला खाल्लं नाही, हे खरं असेल तर पाऊस पाड. पाऊस पडला. ही गोष्ट वाघूर नदीकाठच्या भिंतीवर आली हे मला फार समजूतदारपणाचं वाटतं. ही नदी उन्हाळ्यात खडकांतल्या कुंडांपुरती उरते, आणि तिथल्या भिक्खूंनीही वैशाखात आभाळाकडे बघितलंच असेल. तात्यांना मी ही गोष्ट सांगितली नाही. रांगेतल्या माणसाला जातककथा सांगू नये.

वॅलिस्नेरियाला फूल येतं, तेही बघण्यासारखं. बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यातल्या परागणाचं उदाहरण म्हणून ती सगळ्यांनी घोकलेली असते. नर आणि मादी झाडं वेगळी. नर फुलं तळाशी सुटी होऊन वर तरंगत येतात; मादी फूल लांब, बारीक देठावर पाण्याच्या सपाटीपर्यंत चढतं, आणि परागण झालं की तोच देठ स्प्रिंगसारखा वेटोळा होऊन फळाला खाली ओढतो. घरच्या टाकीत पुस्तकातलं हे दृश्य सहसा पुरं होत नाही. एका झाडाला जमिनीलगत धुमारे फुटतात, धुमाऱ्याला पिल्लू, पिल्लाला पुढचं पिल्लू. सगळी एकाच झाडाची, म्हणून सगळी एकाच लिंगाची. माझ्याकडे माद्या आहेत. फुलं वर येतात, दोन-चार दिवस पाण्यावर टेकून राहतात आणि सुकतात. खाली धुमारे चालूच. वर्षभरात मागची सारी काच भरली आणि उपटून कुणाला तरी देण्याची वेळ आली. जादा झाडं नदीत सोडायची नाहीत हे मात्र मी पक्कं ठरवलं आहे. जलपर्णीनं राज्यातल्या नद्यांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि तीही कधीतरी शोभेसाठीच आली होती. जादा वॅलिस्नेरिया उन्हात वाळवून खतात घालावी.

या पावसाळ्यात तात्या स्वतःच आले. नातवाला कुणीतरी वाढदिवसाला टाकी दिली होती, प्लास्टिकच्या झाडांसकट, आणि त्याला “खरी झाडं” हवी होती. मी धुमाऱ्यावरची पिल्लं काढून ओल्या कागदात गुंडाळून दिली. तात्यांची सिल्लोडकडे मिरची असते, रोपांची लावणी त्यांना मी काय सांगणार. पिल्लांची मुळं बघूनच म्हणाले, “लावल्यावर माना टाकतील.” मी म्हटलं, टाकतील. “मग आठ-दहा दिवसांनी उठतील.” उठतील. मिरचीचंही तसंच असतं, ते म्हणाले. क्रिप्टोकोरिनची गोष्ट मला पुस्तकातून कळली होती, त्यांना ती बांधावर उभं राहून ठाऊक होती. माती त्यांनी विचारली, वाळू किती ते विचारलं, गड्डा वर ठेवायचा हे एकदाच ऐकून घेतलं.

“अन् मग काय करायचं?”

“काही नाही. पाणी कमी झालं की वरून घालायचं. दिवाळीपर्यंत हात घालू नका, नातवालाही घालू देऊ नका.”

एवढं काही त्यांच्या पचनी पडलं नाही. फाटकापर्यंत गेले, परत आले. “चिमूटभर डीएपी टाकलं तर? मुळाशीच टाकीन.”

अमोनियानं मासे रात्रीतून पालथे होतील म्हणून सांगितलं. ते हो म्हणाले. पण संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन खताची पुडी टाकीजवळच्या फळीवरून उचलली आणि काकूंच्या हातात दिली.